स्थानिक स्वराज्य संस्थांची संकेतस्थळे : रचना आणि खरेदी यांचा विचार (केडगाव परिसराच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

स्थानिक स्वराज्य संस्थांचा अभ्यास आपल्याकडे होतो तो मुख्यतः अधिनियम, निवडणुका, वित्तव्यवस्था आणि राज्यशासनाशी असलेले संबंध या अंगांनी. ज्या खिडकीपाशी नागरिकाची आणि संस्थेची प्रत्यक्ष गाठ पडते, त्या खिडकीचा विचार त्यात क्वचितच येतो. गेल्या पंचवीस वर्षांत ही खिडकी कार्यालयाच्या भिंतीतून निघून संगणकाच्या, आणि आता भ्रमणध्वनीच्या, पडद्यावर आली आहे. असे असता तिची घडण कशी होते, ती कोण विकत घेते आणि कोणत्या अटींवर घेते, हा प्रश्न तांत्रिक समजून अभियंत्यांकडे सोपवला जातो. तो मूलतः लोकप्रशासनाचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनाला स्थळ म्हणून केडगाव परिसर घेतला आहे, त्याला कारण आहे. केडगाव हे एकेकाळचे स्वतंत्र गाव. आज ते अहिल्यानगर शहराचे पुणे रस्त्यावरील उपनगर असून महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. ही महानगरपालिका २००३ साली स्थापन झाली. केडगावची वस्ती ओलांडून पुढे गेले की नेप्ती, अरणगाव यांसारखी गावे लागतात. तेथे ग्रामपंचायत आहे आणि तिच्यावर पंचायत समिती व जिल्हा परिषद. शहराच्या दुसऱ्या अंगाला भिंगारकडे छावणी परिषदेचा प्रदेश आहे. म्हणजे काही मैलांच्या टापूत तीन निरनिराळ्या अधिनियमांखाली चालणाऱ्या संस्था शेजारीशेजारी नांदत आहेत: महानगरपालिका १९४९ च्या अधिनियमाखाली, ग्रामपंचायती १९५८ च्या, आणि छावणी परिषद २००६ च्या केंद्रीय अधिनियमाखाली. याखेरीज सातबारा महसूल विभागाकडे आणि घरातील वीज महावितरणकडे. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर महानगरपालिकेकडे जावयाचे आणि घरातला बंद पडला तर महावितरणकडे, हा भेद प्रशासनाला स्वाभाविक वाटतो. अंधारात बसलेल्या माणसाला तो तसा वाटत नाही.

या लेखात मांडावयाचा सिद्धान्त थोडक्यात असा: संकेतस्थळ चांगले होणार की वाईट, हे बहुतांशी ते घडवावयास घेण्यापूर्वीच, निविदेच्या मसुद्यात ठरून जाते. संस्था संकेतस्थळाकडे एकदा विकत घ्यावयाची वस्तू म्हणून पाहते. वस्तुतः ते सतत चालवावयाचे कार्य आहे. या एका गैरसमजातून रचनेचे बहुतेक दोष उद्भवतात.

२. संकेतस्थळाकडून काय अपेक्षित आहे

स्थानिक संस्थेच्या संकेतस्थळाची कार्ये तीन होत. पहिले, माहिती देणे. दुसरे, सेवा देणे. आणि तिसरे, संस्थेने काय ठरवले व काय खर्च केले याची नोंद लोकांसमोर ठेवणे.

यांपैकी पहिले आणि तिसरे कार्य ऐच्छिक नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे, आणि ती अशा रीतीने की लोकांना अर्ज करण्याची गरज शक्य तितकी कमी पडावी. त्याच कलमात स्थानिक भाषा, खर्च आणि त्या प्रदेशात परिणामकारक ठरणारी संपर्काची पद्धत यांचा विचार करावा, असेही सांगितले आहे. केंद्रीय अधिनियमापूर्वी महाराष्ट्राने २००२ साली स्वतःचा कायदा केला होता, आणि त्यामागील चळवळीचे एक केंद्र याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी हे होते, याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यावीत हे ठरते. त्या हिशेबाला संगणक लागत नाही. पण त्यातील तत्त्व चांगल्या संकेतस्थळाचेच आहे: ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे त्याच्यापुढे, त्याच्या भाषेत, वेळेवर आकडा ठेवणे.

दुसऱ्या कार्याचे, म्हणजे सेवेचे, एक उदाहरण पाहू. केडगावात सासर असलेली स्त्री बाळंतपणासाठी माहेरी, समजा पारनेर तालुक्यातील एखाद्या गावी, गेली. मूल तेथे जन्मले. काही महिन्यांनी जन्माचा दाखला हवा म्हणून बाळाचे वडील महानगरपालिकेच्या संकेतस्थळावर शोध घेऊ लागतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे नोंद होते ती जन्मस्थळी, आईवडिलांच्या राहत्या ठिकाणी नव्हे. सर्वसाधारणपणे २१ दिवसांत खबर द्यावयाची असते. त्यानंतर विलंब शुल्क आणि अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या दाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना इत्यादी कामांसाठी जन्माची तारीख व ठिकाण यांचा पुरावा म्हणून तोच धरावयाचा आहे.

अशा वडिलांना पहिल्या ओळीत एकच वाक्य वाचावयास मिळाले पाहिजे: "जन्म जेथे झाला तेथील निबंधकाकडेच नोंद होते, जन्म महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर झाला असल्यास येथे अर्ज करू नये." त्यानंतर मुदत, शुल्क आणि कागदपत्रे. परंतु विभागवार रचलेल्या संकेतस्थळावर "आरोग्य विभाग" या शीर्षकाखाली विभागाची उद्दिष्टे, अधिकाऱ्यांची नावे व अर्जाचा नमुना सापडतो, आणि हे एक वाक्य सापडत नाही. वडील दोन खेपा घालतात, मुदत टळते आणि साधे काम दंडाधिकाऱ्याच्या दारी जाते. रचनेतील दोषाची किंमत ती ही. ती संस्थेच्या हिशेबात कोठेही पडत नाही, म्हणूनच ती कोणी मोजत नाही.

३. रचनेच्या कसोट्या

वरील उदाहरणातून पहिली कसोटी निघते: मांडणी विभागांच्या क्रमाने नव्हे, तर नागरिकाच्या कामाच्या क्रमाने असावी. ब्रिटनमध्ये २०१२ साली केंद्रीय खात्यांची अनेक संकेतस्थळे एकत्र आणून एकच संकेतस्थळ उभारण्याचे काम सुरू झाले, तेव्हा खात्याचे नाव ठाऊक नसताही नागरिकाला आपले काम करता आले पाहिजे, हाच विचार त्यामागे होता. केडगावसारख्या सीमाप्रदेशात या कसोटीला आणखी एक पुरवणी जोडावी लागेल. जे काम आपल्या संस्थेचे नाही, ते कोणाचे आहे, हेही संकेतस्थळाने सांगितले पाहिजे.

दुसरी कसोटी भाषेची. स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठीचा वापर अनिवार्य करणारा अधिनियम राज्याने २०२२ साली केला. परंतु मराठी असणे आणि मराठी सापडणे यांत अंतर आहे. प्रशासन "मालमत्ता कर" म्हणते, लोक "घरपट्टी" म्हणतात. प्रशासन "अधिकार अभिलेख" म्हणते, लोक "सातबारा" म्हणतात. शोधाच्या चौकटीत लोक आपलाच शब्द लिहिणार. तो शब्द पृष्ठावर नसेल तर पृष्ठ असून नसल्यासारखेच.

याच्याही खाली लिपीचा प्रश्न आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकांनाही रोचक वाटावा. संगणकावरील मराठीचा प्रारंभीचा मोठा भाग अशा टंकांत लिहिला गेला, ज्यांत आत रोमन अक्षरांचे संकेतांक आणि वर देवनागरीचे रूप अशी योजना होती. तो विशिष्ट टंक नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत, आणि टंक असला तरी यंत्राला त्यात शब्द शोधता येत नसे. युनिकोड या सर्वभाषिक संकेतप्रणालीत देवनागरी १९९१ पासून आहे; भारत सरकारने ई-प्रशासनासाठी तिचा स्वीकार २००९ साली मानक म्हणून केला. तरीही जुन्या टंकांतील दस्तऐवज, आणि त्याहून अधिक म्हणजे ठरावांची व सूचनांची छायाचित्रे घेऊन तयार केलेल्या पीडीएफ प्रती, आजही चढवल्या जातात. डोळ्यांना तो मजकूर असतो, यंत्राला ते केवळ चित्र. मराठीची एक खास अडचणही येथे नोंदवली पाहिजे. "शेतकऱ्यांना" या शब्दातील अर्धा रकार दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. दोन्ही रूपे कागदावर सारखीच दिसतात. संगणकाला ती भिन्न वाटतात. दोन्ही रूपे एकच मानण्याची सोय शोधयंत्रणेत केलेली नसेल, तर एका रूपात शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातील योजना सापडत नाही. ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर "शेतकऱ्यांना" हा शब्द किती वेळा येत असेल, याचा विचार केला म्हणजे हा दोष किरकोळ नव्हे, हे ध्यानात येईल.

तिसरी कसोटी सुगम्यतेची. अंध व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाने संकेतस्थळ वापरते. त्या साधनाला चित्ररूप ठराव वाचता येत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी सिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे २००९, २०१८ आणि २०२३ अशा तीन आवृत्त्यांत आली आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेविषयीचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणे मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवले आणि किमान अनिवार्य मानके निश्चित करण्यास सांगितले. सुगम्यता ही संस्थेच्या औदार्याची बाब नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

चौथी कसोटी ताजेपणाची. पाणी कोणत्या भागात कोणत्या वेळी सुटणार, ही माहिती आजची असेल तरच उपयोगी. येथे रचनेचा प्रश्न संपून कारभाराचा प्रश्न सुरू होतो: पाणीपुरवठा विभागातील लिपिकाला ती ओळ स्वतः बदलता येते, की कंत्राटदाराला पत्र लिहावे लागते? महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२५ मध्ये हाती घेतलेल्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात कार्यालयांची संकेतस्थळे सुधारणे हा एक विषय होता. अशा मोहिमेचे मोल मान्य करूनही असे विचारावे लागते की एकशे एकाव्या दिवशी ती ओळ कोण बदलणार. याचे उत्तर मोहिमेत नसते. ते कंत्राटात असावे लागते.

४. खरेदीतील मूळ दोष

स्थानिक संस्थेला रस्ता कसा विकत घ्यावयाचा हे चांगले ठाऊक असते. अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप पुस्तक, दोषदायित्वाचा कालावधी ही साधने दीर्घ अनुभवातून आली आहेत. संकेतस्थळाची खरेदी याच साच्यात बसवली जाते, आणि घोटाळा तेथेच होतो. मोजमाप पुस्तकात लिहिता यावे म्हणून जे मोजता येते तेच मागितले जाते: इतकी पृष्ठे, इतकी छायाचित्रे, पदाधिकाऱ्यांचे संदेश, भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडा. केडगावच्या त्या वडिलांना हवे असलेले वाक्य या मोजमापात बसत नाही, म्हणून ते मागितले जात नाही. आणि जे मागितले नाही ते पुरवले नाही, म्हणून कंत्राटदाराला दोष देता येत नाही. शिवाय रस्त्याचा दोष पहिल्या पावसाळ्यात सर्वांना दिसतो. संकेतस्थळाचा दोष ज्याला बाधतो तो मुकाट्याने उठून कार्यालयाच्या रांगेत जाऊन उभा राहतो, आणि त्याची नोंद कोठे होत नाही.

या परिस्थितीचा उलगडा करण्यास अर्थशास्त्रातील दोन उपपत्ती उपयोगी पडतात. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की मालाचा दर्जा विक्रेत्याला कळतो पण ग्राहकाला कळत नाही, अशा बाजारात चांगल्या मालाला त्याची किंमत मिळत नाही आणि तो हळूहळू बाजारातून निघून जातो. संकेतस्थळाचा दर्जा पारखणारा कोणी संस्थेत नसेल आणि न्यूनतम दर हीच निवडीची कसोटी असेल, तर नेमके हेच घडते. जो निविदाकार नागरिकांशी बोलण्याचा, मजकूर सोपा करण्याचा आणि चाचण्या घेण्याचा खर्च दरात धरतो, तो हरतो. पुढील वेळी तो निविदा भरत नाही. येथे कोणाची लबाडी गृहीत धरण्याचे कारण नाही. सर्व पक्ष प्रामाणिक असले तरी फळ हेच येते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२१ साली सल्लासेवेखेरीज अन्य सेवांच्या खरेदीतही विवक्षित परिस्थितीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली, त्यामागे न्यूनतम दराच्या पद्धतीच्या या मर्यादेचीच जाणीव होती.

दुसरी उपपत्ती ऑलिव्हर विल्यम्सन यांची. करार होण्यापूर्वी विक्रेते अनेक असतात आणि ग्राहकाचा वरचष्मा असतो. करारानंतर त्या विशिष्ट व्यवहारात भांडवल व ज्ञान गुंतले की ग्राहक त्याच विक्रेत्याशी बांधला जातो. विल्यम्सन यांनी यास मूलभूत परिवर्तन म्हटले. संकेतस्थळाच्या बाबतीत हे बंधन तीन गाठींनी पडते. संकेतस्थळाचा पत्ता कंत्राटदाराच्या नावावर नोंदलेला असतो. करदात्यांची व तक्रारींची माहिती त्याच्याच विशिष्ट रचनेत साठवलेली असते. आणि आज्ञावलीची मूळ प्रत संस्थेच्या हाती नसते. पहिल्या वर्षी स्वस्त पडलेले काम पाचव्या वर्षी महाग होते, कारण तोवर दुसऱ्याकडे जाण्याचा खर्च त्याहून मोठा झालेला असतो.

५. एकत्र येण्याचा मार्ग

घरपट्टी आकारणे, जन्माचा दाखला देणे, नळजोडणी देणे, तक्रार नोंदवणे ही कामे अहिल्यानगरात जशी होतात, तशीच थोड्या फरकाने सोलापुरात किंवा लातुरात होतात. मग प्रत्येक संस्थेने तेच काम स्वतंत्रपणे का विकत घ्यावे, असा प्रश्न सहजच उभा राहतो. त्याची काही उत्तरे प्रत्यक्षात आली आहेत.

त्यांपैकी एक केडगावच्या अगदी जवळचे आहे. संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये देशातील त्या वेळच्या ६२ छावणी परिषदांसाठी "ई-छावणी" ही एकच व्यवस्था सुरू केली. अहमदनगर छावणी परिषद त्यांपैकी एक. ही व्यवस्था ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन या संस्थेच्या "डिजिट" नामक मुक्त-स्रोत मंचावर उभारलेली आहे. मुक्त-स्रोत म्हणजे जिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येते अशी. केंद्र सरकारनेही २०१५ साली मुक्त-स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. केरळने आणखी वेगळा मार्ग धरला. तेथे १९९९ साली इन्फर्मेशन केरळ मिशन ही शासकीय संस्था स्थापन झाली आणि स्थानिक संस्थांच्या प्रणाली तीच घडवीत आली. १ जानेवारी २०२४ पासून नागरी संस्थांसाठी "के-स्मार्ट" ही एकत्रित प्रणाली सुरू झाली आणि २०२५ साली ती ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यात आली. इंग्लंडमध्ये क्रॉयडन आणि ब्रायटन या दोन स्थानिक परिषदांनी आपली आज्ञावली एकमेकींना वापरू देण्यापासून प्रारंभ केला आणि पुढे अनेक परिषदा त्यात सामील झाल्या. महाराष्ट्रातही कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने शतकाच्या आरंभी केलेल्या संगणकीकरणाचा नमुना इतर नागरी संस्थांपुढे ठेवण्यात आला होता.

या उदाहरणांत महत्त्वाचा भेद आहे. छावण्यांची व्यवस्था वरून आली, केरळची राज्याने स्वतःच्या यंत्रणेतून घडवली, आणि इंग्लंडमधील परिषदा समपातळीवर एकत्र आल्या. वरून आलेल्या व्यवस्थेत काटकसर असते, पण स्थानिक गरज झाकली जाण्याचा धोकाही असतो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या केंद्रीय संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचे आराखडे व खर्च पाहता येतात, ही मोठीच सोय झाली. परंतु एखाद्या गावात उद्या टँकर कोणत्या वेळी येणार, हे सांगणे त्याच्या योजनेत नाही आणि असूही शकत नाही. म्हणून सामायिक काय असावे आणि स्थानिक काय असावे, याची विभागणी विचारपूर्वक केली पाहिजे. आज्ञावली, सुरक्षा, कर भरण्याची यंत्रणा, लिपी व सुगम्यता यांची मानके ही सामायिक असावीत. मजकूर, वेळापत्रके, स्थानिक शब्द आणि निर्णयांची नोंद ही संस्थेच्या स्वतःच्या हाती असावीत.

सामायिक व्यवस्था नेहमी मोठी आणि महागच असावी लागते असेही नाही. वारणानगर परिसरातील सत्तर गावांत १९९८ साली संगणककेंद्रांचा एक गाजलेला प्रकल्प सुरू झाला. पुढे अभ्यासकांना असे आढळले की त्या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर मुख्यतः ऊस उत्पादकांना आपल्या उसाचे व देयकांचे आकडे पाहण्यासाठी होतो. २००७ च्या सुमारास सात गावांत प्रयोग करून त्यांनी दाखवले की हेच काम साध्या भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने कमी खर्चात होते. लोक प्रत्यक्षात काय करतात हे आधी पाहावे आणि मग खरेदी करावी, हा यातील बोध स्थानिक संस्थांनाही लागू आहे.

६. निविदेत काय असावे

वरील विवेचनावरून निविदेच्या मसुद्यासाठी काही अटी निष्पन्न होतात.

(अ) काम पृष्ठसंख्येत नव्हे, तर नागरिकाच्या कार्यांत सांगावे. "घरपट्टीची बाकी पाहून भरणे", "जन्माच्या दाखल्यासाठी योग्य कार्यालय शोधणे" अशी दहा-पंधरा कार्ये निश्चित करावीत. त्या त्या भागातील नागरिकांना, त्यांत ज्येष्ठ व दिव्यांग व्यक्ती धरून, ती स्वस्त भ्रमणध्वनीवर कोणाच्या मदतीवाचून पार पाडता आली, तरच देयक मंजूर व्हावे. अशी चाचणी हेच संकेतस्थळाचे मोजमाप पुस्तक होय.

(आ) काम लहान टप्प्यांत विभागावे आणि प्रत्येक टप्प्याअखेर थांबण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवावा. एका टप्प्याचे नुकसान सोसता येते. तीन वर्षांच्या अखंड कंत्राटाचे सोसवत नाही.

(इ) पत्ता, माहिती आणि संस्थेसाठी लिहिलेली आज्ञावली यांची मालकी पहिल्या दिवसापासून संस्थेची असावी. करार संपताना सर्व माहिती प्रचलित, खुल्या स्वरूपात परत करण्याची रीत व मुदत करारातच लिहावी, आणि वर्षातून एकदा तशी प्रत काढून ती वाचता येते याची खात्री करावी.

(ई) पत्ते टिकाऊ असावेत. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे व शहराचे नाव अहिल्यानगर झाले. अशा नामांतरानंतर संकेतस्थळाचा पत्ता बदलणे साहजिक आहे. परंतु जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावरील त्याच पृष्ठाकडे आपोआप नेले गेले नाही, तर अर्जांवर, निकालपत्रांत आणि संशोधनप्रबंधांत दिलेले सर्व निर्देश एकाच दिवशी निरर्थक होतात.

(उ) मजकूर बदलण्याचे काम संस्थेच्या कर्मचाऱ्याला प्रशिक्षणानंतर स्वतः करता आले पाहिजे, आणि प्रत्येक पृष्ठावर शेवटच्या बदलाची तारीख व जबाबदार अधिकाऱ्याचे पद दिसले पाहिजे.

(ऊ) संगणकीय सुरक्षेचे परीक्षण मान्यताप्राप्त परीक्षकाकडून करून घ्यावे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सुरक्षाभंगाची खबर सहा तासांत द्यावयाची आहे. ती कोण देणार हे करारात हवे. पारदर्शकतेच्या नावाखाली खाजगी माहिती उघड होऊ नये, हेही पाहावे लागते. सुमारे २१० शासकीय व शैक्षणिक संकेतस्थळांवर लाभार्थींचे आधार क्रमांक उघडपणे प्रसिद्ध झाले होते, अशी माहिती २०१७ साली पुढे आली होती. खर्चाची नोंद लोकांची आहे. लाभार्थीचा आधार क्रमांक लोकांचा नव्हे.

(ए) उभारणीइतकेच महत्त्व देखभालीला देऊन तिची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात करावी.

७. दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल की लहान संस्थांकडे अशी निविदा लिहिण्याची आणि पारखण्याची कुवत नाही. आक्षेप यथार्थ आहे, आणि म्हणूनच सामायिक मार्गाचा पुरस्कार वर केला. नेप्तीच्या ग्रामपंचायतीने संगणकतज्ज्ञ नेमावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु जिल्हा परिषदेच्या पातळीवर दोन-तीन जाणकार व्यक्तींचा कक्ष सर्व ग्रामपंचायतींसाठी पुरेसा होऊ शकेल. इमारतींसाठी व पाणीपुरवठ्यासाठी जिल्हा परिषदेकडे अभियंते असतात. या कामासाठी नसावेत असे काही तत्त्व नाही.

दुसरा आक्षेप असा की बहुसंख्य लोक संकेतस्थळ स्वतः वापरतच नाहीत. ते सेवा केंद्रात जातात. वस्तुस्थिती बऱ्याच अंशी तशी आहे. राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतींत संग्राम केंद्रे आणि पुढे आपले सरकार सेवा केंद्रे उभी राहिली. परंतु त्या केंद्रातील चालकही तेच संकेतस्थळ उघडून बसतो. ते दुर्बोध असेल तर नागरिकाचे त्याच्यावरील अवलंबित्व वाढते, आणि अवलंबित्व वाढले की त्याची किंमतही वाढते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. पण मुदत किती आणि शुल्क किती हे स्वतः वाचता आले, तरच मध्यस्थासमोर त्या हक्काचा उच्चार करता येतो. तेव्हा जो संकेतस्थळ वापरत नाही, त्याच्यासाठीही ते सुबोध असणे आवश्यक आहे.

८. समारोप

स्थानिक संस्थेचे संकेतस्थळ हे तिच्या कारभाराचे अंग आहे, आणि त्याची खरेदी हा कारभाराविषयीचा निर्णय आहे. दर्जा पारखणारी व्यक्ती संस्थेत किंवा संस्थासमूहात असणे, मालकी संस्थेकडे असणे, सामायिक ते सामायिक आणि स्थानिक ते स्थानिक ठेवणे, आणि देयक नागरिकाच्या सिद्ध झालेल्या कार्याशी जोडणे, या चार गोष्टी साधल्या तर उत्तम तंत्रज्ञांच्या अभावीही काम निभावते. त्या न साधल्यास उत्तम तंत्रज्ञही फारसे काही करू शकत नाहीत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात संशोधनास मोठा वाव आहे. केडगाव परिसरातील महानगरपालिका, छावणी परिषद व दोन-तीन ग्रामपंचायती घेऊन तीच दहा कार्ये प्रत्येक ठिकाणी किती नागरिकांना, किती वेळात पार पाडता येतात, याची तुलना एका सत्रात करता येण्यासारखी आहे. निविदांचे मसुदे आणि करार हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत. माहितीच्या अधिकाराखाली ते मागवून, त्यांतील मालकीच्या व निर्गमनाच्या अटींचे वर्गीकरण करता येईल. अशा प्रबंधांतून मिळणारी आधारसामग्री अभ्यासकांना उपयोगी पडेलच. शिवाय पुढील निविदा लिहावयास बसणाऱ्या अधिकाऱ्यालाही तिचा आधार घेता येईल, आणि अशा कामाची गरज आज सर्वांत अधिक त्यालाच आहे.